मरीआईचा पहिला सण

आषाढात धामणवाडीला पटकीची साथ आली. मरीआईचा गाडा शिवेपलीकडे ढकलला की रोगही जातो, म्हणून सटवाजी पाटलाने तो शेजारच्या करंजगावात लोटला. वर मिशीला पीळ देत म्हणाला, “आमची लेक सासरी धाडतोय. परत पाठवाल तर खबरदार!”

करंजगावच्या भागाई सुईणीने देवीची ओटी भरली, आणि नागपंचमीला गाडा वाजतगाजत पाटलाच्या दारात आणला.

“हे काय?” पाटील ओरडला.

“पहिला सण माहेरीच करतात ना, पाटील? आणि पोर सासरी रमेना हो! आम्ही पाणी उकळून पितो. तिचा सगळा जीव तुमच्या तळ्यात. तिथंच म्हशी डुंबतात, तिथंच घागरी भरतात. असं माहेर कोण सोडेल?”

दिवस मावळायच्या आत पाटलाच्या म्हशी तळ्याबाहेर होत्या आणि चुलीवर पाणी खदखदत होतं.