घुंगुरकाठी आणि नीळकंठ

आपल्या पणजोबांनीही नुसती ऐकलेली, इतकी जुनी ही गोष्ट. एका गावात रीत होती, की पाटलाने रानात जाऊन नीळकंठ पाखरू पाहायचं, मगच गावाने ज्वारी पेरायची.

त्या वर्षी पाटील नवे होते. हौस तर दांडगी! डोक्याला लाल फेटा, पायात करकरणारे जोडे, हातात घुंगुरकाठी आणि पुढे हलगी, अशा थाटात ते रानात निघाले. दिवसभर हिंडले. नीळकंठ सोडा, साधी चिमणी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन हलग्या नेल्या, तिसऱ्या दिवशी चार. "पाटील आलेत हे पाखरांना कळायला नको?" ते म्हणायचे. पाखरांना अगदी नीट कळायचं, बरं का!

आठ दिवस गेले. एक म्हातारा शेतकरी मूठभर माती घेऊन दारात आला. म्हणाला, "पाटील, ओल उडत चाललीय. आणखी दोन दिवसांनी पेरलं तर उगवायचं नाही. मग वर्षभर गावानं खायचं काय?"

पाटील ओट्यावर मटकन बसले. तिथे पाटलीणबाई सुपात दाणे निवडत होत्या. त्यांच्या पायाशी टिपणाऱ्या चिमण्या घुंगरं वाजताच भुर्रकन उडाल्या.

"तुझ्याकडे बऱ्या येतात!" पाटील चिडले.

"येतील नाहीतर काय? मी काही वाजतगाजत त्यांच्यामागे धावत नाही. अहो, जोडे काढा, काठी ठेवा आणि घटकाभर गप्प बसा. जमेल?"

जमेना! हात सारखा काठीकडे जाई. पण ती मूठभर माती आठवली आणि पाटील निमूट बसून राहिले. थोड्या वेळाने चिमण्या परतल्या. मग साळुंकी आली, बुलबुल आला. आपल्याच अंगणात इतकी पाखरं! पाटलांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच अनवाणी रानात गेले आणि बांधावर बसले. समोरच्या बाभळीवरून काहीतरी निळंशार झेपावलं, टोळ पकडून पुन्हा फांदीवर बसलं. नीळकंठ! पाटलांचे डोळे भरून आले, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. मागल्या पावली गावात आले आणि मग मात्र ओरडले, "पेरा रे, पेरा!"

त्या साली कणसं अशी भरली, की कणग्या पुरेनात. तेव्हापासून पाटील रानात निघाले, की घुंगुरकाठी वेशीवर टांगून जात.

तात्पर्य : ज्याला काही पाहायचं असेल, त्याने आधी स्वतःचा गाजावाजा थांबवावा.