बिजागरीवरचा टाका

एकदा एक दार कुलूपबंद राहिले आणि त्याच दारातून चोर आत जाऊन आला. ते दार रंगनाथने केले होते.

रंगनाथ लोखंडी कामातला जाणता कारागीर. बारा वर्षे एका वृद्ध वस्तादाच्या हाताखाली घालवून मग त्याने स्वतःची शेड टाकली होती. नगरात त्याच्या हातच्या खिडक्या होत्या, जिने होते, कठडे होते. तो राहत होता त्या इमारतीत सोळा बिऱ्हाडे. तिथे एका दुपारी तळमजल्यावरच्या सबनीसबाईंच्या घरातून पितळेची भांडी गेली. बाई निवृत्त शिक्षिका, इमारतीच्या चिटणीस. त्यांनी सर्वांना जिन्यापाशी बोलावले आणि दार बसवायचे ठरले.

"विकतचं कशाला आणता?" रंगनाथ म्हणाला. "बाजारातलं दार म्हणजे नुसता पत्रा. मी इथंच करतो, परसात. एकदा बसलं की किल्लीशिवाय मुंगी आत येणार नाही."

"मुंगीचं आमचं काही म्हणणं नाही," सबनीसबाई म्हणाल्या. "माणसाचं बघ."

चार सुट्ट्या खर्चून त्याने दार केले. दोन पल्ले, जाड चौकोनी नळ्या, वर भाल्याची टोके, मध्ये भक्कम कडी. तीन हात गडद निळा रंग दिला. जिन्याखाली केरबा परीट इस्त्रीचे टेबल मांडून बसत असे. साठीचा माणूस, सोळाही घरांचे कपडे तोच करी, आणि सोळाही घरे त्याला केरबामामा म्हणत. तो दारावरून हात फिरवून म्हणाला, "रंगनाथराव, इतकं गुळगुळीत केलंत की यावर इस्त्री मारावीशी वाटते."

आता या दारात एक खोट होती. ती समजायला बिजागरी समजली पाहिजे. चौकटीला खिळी असते, पल्ल्याला नळी असते, नळी खिळीवर बसते आणि पल्ला फिरतो. दोन्ही खिळ्यांची तोंडे वर असतील तर पल्ला वरून अलगद बसवता येतो. तसाच पहारीने उचलून अलगद काढताही येतो, मग मध्ये कुलूप कितीही मोठे असो. म्हणून वस्तादाच्या शेडमध्ये नियम होता : खालची खिळी वर बघेल, वरची खिळी खाली बघेल. मग पल्ला उचलला जात नाही. पण त्यासाठी वरची खिळी दार जागेवर उभे केल्यानंतरच जोडावी लागते. तिथे वेल्डिंगचा टाका मारला की आसपासचा रंग करपतो. पुन्हा घासा, पुन्हा रंगवा.

रंगनाथला हा नियम पाठ होता. पण बसवायच्या दिवशी सगळी इमारत खाली जमणार होती. नारळ फुटणार होता. रंगवलेले, चकाकणारे दार एका झटक्यात जागेवर बसावे आणि लोकांनी ते पाहावे, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने दोन्ही खिळ्या वर ठेवल्या. पल्ले बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर सवडीने दुरुस्त करू असे त्याने मनाशी म्हटले, आणि ती सवड त्याला मिळाली नाही.

किल्ल्या सतरा केल्या. सोळा घरांच्या सोळा, एक केरबाची.

पुढे मिरजकरांच्या मुलीचे लग्न निघाले. इमारतीला कुलूप लावून सगळे कार्यालयात गेले. केरबा दुपारपर्यंत लग्नघरचे शेले आणि फेटे पोहोचवत होता. संध्याकाळी वऱ्हाड परतले तेव्हा बाहेरच्या दाराचे कुलूप जसेच्या तसे होते. आत मिरजकरांच्या दाराची कडी उचकटलेली होती आणि देव्हाऱ्यातल्या चांदीच्या समया गेल्या होत्या.

लोक कुलूप बघत होते. रंगनाथचा हात मात्र आपोआप बिजागरीकडे गेला. खिळीवरचा रंग खरवडलेला होता. आत पांढरे लोखंड दिसत होते. खाली फरशीवर पहारीचा ठसा होता. पल्ला उचलून चोर आत गेला होता आणि जाताना तो पुन्हा खिळीवर बसवून गेला होता, हे त्याला कळले. त्याने ठशावर पाय ठेवला.

तेवढ्यात सबनीसबाईंनी विचारले, "रंगनाथ, तुझ्या दारातून किल्लीशिवाय माणूस आत येईल का?"

त्याच्यापुढे पंधरा घरे उभी होती. तो म्हणाला, "नाही, बाई."

दोनच शब्द. पण सोळा किल्ल्या लग्नात होत्या, आणि सतरावी केरबाच्या कनवटीला. त्यानंतर कोणी केरबाला चोर म्हटले नाही. कोणी आवाज चढवला नाही. एवढेच झाले की सकाळी सबनीसबाईंनी हात पुढे केला आणि केरबाने कनवटीची किल्ली काढून त्यावर ठेवली. "माझ्याकडून काही चुकलं का, बाई?" त्याने विचारले. बाई म्हणाल्या, "तसं काही नाही. सगळ्यांचंच ठरलंय." त्याने टेबल उचलले, कोळशाची इस्त्री वर ठेवली आणि तो गेला. रंगनाथ तेव्हा तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत उभा होता. तो आत सरकला.

त्याच दुपारी, कडी जरा ढिली आहे असे सांगून, त्याने वेल्डिंगचे मशीन खाली आणले. दोन्ही पल्ल्यांच्या वरच्या नळीच्या डोक्यावर चौकटीला बोटाच्या पेराएवढा तुकडा जोडला. आता पल्ला वर उचलला जाणार नव्हता. त्यावर निळा रंग दिला. काम नीट झाले होते. त्याला मात्र अन्न गोड लागेना. इस्त्रीचे कपडे तो स्वतः दूरच्या दुकानात नेऊ लागला, आणि जाताना केरबा बसत असे ती जागा टाळायला जिना दोन पायऱ्या आधीच उडी मारून उतरू लागला.

महिन्याभराने सबनीसबाईंनी ठरवले की आत आणखी एक दार हवे. "तुझ्या वस्तादांना बोलाव," त्या म्हणाल्या. "दोघांनी मिळून बघा."

नाही म्हणायला कारण नव्हते. वस्ताद आले. सत्तरीच्या पुढचे, आखूड धोतर, डोळ्यांना आता कमी दिसे. ते दार बोटांनी बघू लागले. कडीवरून हात फिरला, भाल्यांवरून फिरला, वरच्या बिजागरीशी आला आणि थांबला. त्यांनी अंगठ्याच्या नखाने रंग खरवडला.

"टाका कुणाचा?" त्यांनी विचारले.

"माझाच," रंगनाथ म्हणाला.

"ते दिसतंय. डावीकडं कलतो तुझा हात, बारा वर्षं सांगून सरळ झाला नाही. कधी मारलास?"

रंगनाथने पायाखालच्या फरशीकडे पाहिले.

वस्तादांनी खालची बिजागरी चाचपली. खाली वाकून फरशीवर हात फिरवला. मग उभे राहून म्हणाले, "ग्राइंडर आण. हा टाका काप."

सबनीसबाई शेजारीच होत्या. जिन्यात आणखी चारसहा माणसे येऊन उभी राहिली होती. बाई म्हणाल्या, "अहो वस्ताद, दार पक्कं करायला बोलावलं तुम्हाला. असलेलं कशाला तोडता? चोराला वाट करून द्यायची आहे का?"

"वाट होतीच, बाई. ह्यानं तिच्यावर रंग दिलाय. रंग्या, काप."

ज्या हाताने जोडले त्याच हाताने रंगनाथने कापले. ठिणग्या पायावर पडल्या, तो मागे सरला नाही. तुकडा खाली पडला. वस्तादांनी कोपऱ्यातली पहार त्याच्या हातात दिली.

"कुलूप लावा, बाई. किल्ली तुमच्या मुठीत ठेवा. हं, उचल."

रंगनाथने पहार पल्ल्याखाली घातली आणि दाब दिला. पल्ला चार बोटे वर आला, खिळीवरून सुटला आणि बिजागरीच्या बाजूने उघडला. मध्ये कुलूप तसेच लटकत राहिले. एक माणूस आरामात आत जाईल एवढी वाट झाली होती.

मिरजकर जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. ते म्हणाले, "म्हणजे किल्ली लागलीच नाही."

सबनीसबाईंनी मूठ उघडून किल्लीकडे पाहिले आणि पुन्हा मिटली. "रंगनाथ," त्या म्हणाल्या, "त्या संध्याकाळी मी तुला विचारलं होतं."

"होय, बाई."

"तेव्हा ठाऊक होतं?"

"होय."

वस्तादांनी खाली पडलेला तुकडा उचलला. अजून गरम होता. त्यांनी तो तळहातावर तसाच ठेवला.

"हा टाका ह्यानं दाराला मारलेला नाही, बाई. स्वतःच्या तोंडाला मारलाय," ते म्हणाले. मग रंगनाथकडे वळले. "खिळी चुकली, ते मी समजू शकतो. माझ्या हातचं एक फाटक कापडपेठेत आजही तिरकं लागतं. मी रोज त्यावरून जातो आणि रोज बघतो. चूक उघडी ठेवली की ती लोखंडातच राहते. कुणीही येतो, बोट दाखवतो, सुधारतो. झाकलीस की तिला राहायला दुसरी जागा लागते. तू टाका मारलास तेव्हा तुझी चूक दारातून निघाली आणि एका माणसाच्या अंगावर जाऊन बसली. कोण तो?"

"केरबामामा," रंगनाथ म्हणाला. "जिन्याखाली इस्त्री करायचे."

"मी बोलावणं धाडते त्यांना," सबनीसबाई घाईने म्हणाल्या. "आपण सगळे मिळून..."

"बोलावू नका," वस्ताद म्हणाले. "तुमच्या बोलावण्यावर तो महिनाभर जगलेला नाही. रंग्या, तू जा. दार मी बसवतो."

केरबा आता गुरांच्या दवाखान्याच्या भिंतीशी हातगाडीवर इस्त्री करत होता. गाडीवर चारच कपडे होते. पूर्वी चार कपडे एकट्या सबनीसबाईंच्या घरचे असत. रंगनाथ समोर उभा राहिला. त्याने बिजागरीचे सांगितले, पहारीच्या ठशाचे सांगितले, त्यावर पाय ठेवला तेही सांगितले. वाटेत त्याने पुष्कळ शब्द जमवले होते. त्यातले फार थोडे कामी आले.

केरबा इस्त्री फिरवत राहिला. सदऱ्याची एक बाही झाली, दुसरी झाली. मग त्याने इस्त्री उभी केली.

"मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "मी चोरी केली नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मामा, मी तुमचे पाय..."

"पाय राहू द्या. पायाला काही झालेलं नाही." त्याने सदऱ्याची घडी घातली. आवाज जराही चढला नव्हता. "घरी सून आहे. पोर भली आहे. मी सांगितलं, माझ्यावर उगीच बालंट आलं. ती म्हणाली, मामंजी, माझा विश्वास आहे. पण त्या दिवसापासून कपाटाची किल्ली ती कमरेला लावते. आधी खुंटीवर असायची. अंघोळीला जातानाही सोबत नेते. मी बघतो, आणि मी बघतो हे तिलाही कळतं. आमच्यात बोलणं व्यवस्थित आहे. किल्ली तेवढी कमरेला आहे."

रंगनाथला मान वर करता येईना.

"तुमचं जे काय आहे ते तिला सांगा," केरबा म्हणाला. "मी सांगून झालंय."

त्याने कोळसे विझवले, गाडीला फडके बांधले आणि तो पुढे चालू लागला. रंगनाथ मागून गेला. दोन गल्ल्या पार झाल्या. घर आले. दोन खोल्यांचे, पुढे ओटा. सुनेने पाहुणा आला म्हणून तांब्याभांडे आणून ठेवले. वाकली तेव्हा तिच्या कमरेशी किल्ली वाजली. केरबाने तोंड फिरवले आणि तो ओट्यावर जाऊन बसला.

रंगनाथने पाण्याला हात लावला नाही. बस म्हटले तरी बसला नाही. नगरात नाव असलेला कारागीर एका विशीतल्या मुलीपुढे हात जोडून उभा राहिला आणि पहिल्यापासून सांगू लागला. ती ऐकत होती. मधेच तिचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच राहिला. मग तिने पदर डोळ्यांना लावला. आता शरम एकट्या रंगनाथची उरली नव्हती.

आपले खोटे ज्याच्या घरात जाऊन बसले, क्षमा मागताना त्याच्या घरापर्यंत चालत जावे. वाटेत भेटलेल्याला सांगून ते उतरत नाही.