‘रा.’ म्हणजे कोण?

मुदपाकखान्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलं होतं, ‘रोज सकाळी रा. उकिरड्यावर टाकणे.’

ते वाचून राजा भैरवसिंह लालबुंद झाला.

“कोणी लिहिलं हे?”

भाजी ढवळणारा आचारी रखमाजी धावत पुढे आला. “मीच, सरकार. रा. म्हणजे राख. चुलीतली राख हो!”

“राख? माझ्या राज्यात रा. म्हणजे राजा! मला उकिरड्यावर टाकतोस? कोतवाल, धरा याला!”

रखमाजी तुरुंगात गेला आणि गावभर दवंडी पिटली, ‘आजपासून रा. म्हणजे फक्त राजा! दुसरा अर्थ काढील तो हद्दपार!’

त्याच दिवशी राजाच्या खोकल्यासाठी औषधाची पुडी आली. वर लिहिलं होतं, ‘रा. उकळून पिणे.’ राजवैद्य ‘रात्री’ म्हणायला गेले आणि जीभ चावून गप्प बसले!

दुसऱ्या दिवशी रखमाजीची मुलगी सगुणा दरबारात येऊन उभी राहिली.

“महाराज, माझ्या बाबांना सोडा.”

“सोडतो की! पण रा. म्हणजे राजाच, हे मान्य करून त्याला सोडवून दाखव. राखेचं नाव काढलंस तर तूही हद्दपार!”

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. हे कसं जमायचं? पण सगुणा मागे सरली नाही.

“तुरुंगाच्या दारावरची पाटी मागवा, महाराज. सकाळी बाबांना भाकरी द्यायला गेले तेव्हा पाहिली मी.”

पाटी आली. कोतवाल मोठ्याने वाचू लागला, “कैदी रखमाजी आचारी, रा. बोरवाडी.”

“रा. म्हणजे काय हो, कोतवालसाहेब?” सगुणाने विचारलं.

“सोपं आहे. राह...” कोतवालाला दवंडी आठवली. तो घाईघाईने म्हणाला, “राजा! बोरवाडीचा राजा!”

“आणि त्याखाली?”

“धोंड्या कोंबडीचोर, रा. खैरगाव. म्हणजे... खैरगावचा राजा!”

दरबारात खसखस पिकली. सगुणाने हात जोडले.

“ऐकलंत, महाराज? तुमच्याच हुकमाने माझे बाबा बोरवाडीचे राजे! राजाने राजाला कैद करायचं तर आधी लढाई हवी. तुम्ही तर त्यांना भाजी ढवळताना धरलंत!”

क्षणभर राजाच्या मिशा थरथरल्या. मग तो असा हसला, की खोकल्याची उबळच आली!

“हरलो, पोरी! बोरवाडीच्या राजांना मानाने घरी सोडा. दवंडी रद्द! आणि चिटणीस, लिहा, या मुलीला जोंधळ्याची एक रास बक्षीस.”

चिटणिसाने बोरू उचलून लिहिलं, ‘जोंधळ्याची एक रा.’ राजाने वाकून कागदाकडे पाहिलं आणि ओरडला, “अहो, रास! रास असं पुरतं लिहा! नाहीतर उद्या मलाच गाडीत घालून हिच्या दारात ओताल!”