कुठे बसवू

“…म्हणजे इथं बसवू की बाहेरच राहू देऊ, एवढंच सांगा, माई.”

“कुणाला बसवतोस?”

“हत्यारं. माझी प्रोग्रॅम लिहायची हत्यारं. संगणक विचारतोय, कुठे बसवू म्हणून.”

गिरजामाई दारात उभ्या होत्या. एका हातात शेणकाल्याची बादली, दुसऱ्या हातात पोतेरं. त्यांनी संगणकाकडे पाहिलं नाही आणि उन्मेषकडेही नाही. दाराच्या आत, भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्याच्या पाठपिशवीकडे पाहिलं.

“हत्यारं बसल्याली म्या कदी बगितली न्हाईत,” त्या म्हणाल्या. “माणसं बगितल्यात. ती बी थोडीच.”

माणदेशातल्या माळावर, बाभळींच्या आडोशाला हा मठ आहे. दोन खोल्या, एक ओटा, एक विहीर. मठ म्हणावं एवढं त्यात काही नाही, पण माई तिथे राहतात म्हणून लोक म्हणतात.

उन्मेष चैत्रात आला तो दोन दिवसांसाठी. आता श्रावण लागला होता.

आला त्याच दिवशी त्याने खिशातून काडेपेटीएवढी डिस्क काढून दाखवली होती. “माझा सगळा पसारा यात. कुठल्याही संगणकाला जोडतो, काम करतो, काढून घेतो. मागे खूणसुद्धा राहत नाही.”

“चोर बी आसंच म्हंतात,” माई म्हणाल्या होत्या, आणि त्याला जेवायला वाढलं होतं.

त्याला राग आला होता. तरी तो राहिला.

काम त्यानेच शोधून काढलं. माईंचे गुरू, थोरले महाराज, पहाटे एकतारीवर गायचे. ते गेल्याला इतकी वर्षं झाली की माईंचे केस पांढरे झाले. कुणीतरी कधीकाळी भरून ठेवलेल्या कॅसेटी बिस्किटाच्या डब्यात पडून होत्या, आणि ऐकायला गेलं तर नुसती खरखर. भक्तांनी दिलेला एक संगणक आतल्या खोलीत फडक्याखाली झाकलेला होता. उन्मेषने फडकं काढलं, कॅसेटी संगणकात भरून घेतल्या, डिस्क जोडली आणि खरखर गाळणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला.

ज्येष्ठ सरता सरता आवाज स्वच्छ झाला.

भजन संपलं. एकतारी खाली ठेवल्याचा बारीक आवाज आला. मग, इतकी वर्षं खरखरीखाली दबलेले दोन शब्द ऐकू आले.

“गिरजे… बस.”

माई ऐकत राहिल्या.

“रोज असं म्हणायचे?” उन्मेषने विचारलं.

“येकदाच म्हणलं हुतं. तवा बसले ती आजून हितंच. त्या डब्यात गावंल आसं वाटलं न्हवतं.” मग हळूच म्हणाल्या, “परत लाव.”

माईंनी कुणाकडे एखादी गोष्ट परत मागितलेली उन्मेषने पाहिली नव्हती. कुठलं बटण दाबायचं ते त्याने त्यांना शिकवलं; ते दाबलं की डिस्कवरचा प्रोग्रॅम खरखर गाळून भजन ऐकवी. तेव्हापासून त्या रोज पहाटे येत, बटण दाबत, आणि त्या दोन शब्दांपर्यंत थांबत. तोही अंथरुणात जागा होऊन ऐकत असे. त्याला बरं वाटे. आपल्यावाचून हे होत नाही, हे त्याहून बरं वाटे.

मग तो पुण्याला गेला. भाड्याची खोली रिकामी करून द्यायची होती. पिशवी भिंतीशी होती तिथेच राहू दिली, पण जाताना सवयीने डिस्क काढून खिशात टाकली. आठवडा मोडला तिकडे.

काल संध्याकाळी परत आला. माईंनी एवढंच विचारलं, “जेवलास का?”

आज सकाळी त्याने संगणकाचा पडदा उजळला, तर त्यावर एकाच निरोपाच्या खिडक्या एकावर एक साचलेल्या. निरोप त्यानेच कधीतरी गंमत म्हणून मराठीत लिहून ठेवला होता.

‘हत्यारे जागेवर नाहीत.’

एक खिडकी बंद केली. खाली तीच. ती बंद केली. खाली पुन्हा तीच. माई रोज पहाटे येऊन बटण दाबत होत्या, आणि संगणक रोज त्यांना हेच सांगत होता. आणि तो तिकडे पुण्यात, खिशात थोरल्या महाराजांचा आवाज घेऊन हिंडत होता.

शेवटची खिडकी बंद करताना त्याला स्वतःची शरम वाटली.

म्हणून त्याने हत्यारं मठाच्याच संगणकावर बसवायला घेतली. तिथे पडद्यावर दोन प्रश्न आले. कुठे बसवू? आणि कुणासाठी: फक्त तुमच्यासाठी की हा संगणक वापरणाऱ्या सर्वांसाठी?

तो तिथेच अडला.

“आडलास कशापायी?” माईंनी बादली खाली ठेवली.

“तसं सोपं नाही ते. जागा किती लागेल ते बघावं लागतं. हत्यारांच्या आवृत्त्या बदलतात. शिवाय…”

“शिवाय?”

उन्मेषने कळफलक मागे सारला.

बाहेर विहिरीवर रहाट वाजला. कुणीतरी पाणी ओढत होतं.

“शिवाय एकदा इथं बसवली, की मग तुम्ही बटण दाबाल आणि महाराज बोलतील. डिस्क नको, मी नको. मग माझं काय काम इथं?”

“आन् काम नसलं तर?”

“तर जावं लागेल.”

“कोन म्हणलं जा?”

“कुणीच नाही.” त्याचा आवाज एकदम वर गेला. “जा म्हणून कुणी म्हणालं नाही, आणि राहा म्हणूनही नाही! चैत्रापासून वाट बघतोय, माई. एकदा म्हणाल, उन्मेष, राहा. तेवढ्यासाठी खरखर गाळत बसलो. तुम्ही म्हणाला नाहीत.”

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. वय तिशीपुढचं. बंगळुरात राहिला, हैदराबादेत राहिला, पुण्यात राहिला. प्रत्येक घरमालकाने पहिल्या दिवशी बजावलं होतं, भिंतीला खिळा मारायचा नाही. त्याने कुठे मारलाही नव्हता. कुणीतरी आपल्याला धरून ठेवावं ही त्याची भूक जुनी होती, आणि ती लपवता लपवताच त्याला एवढीशी डिस्क पुरेशी वाटू लागली होती.

माई त्याच्याकडे बघत होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या.

“पिशवी उचल,” त्या म्हणाल्या.

“जाऊ?”

“उचल म्हणलं.”

त्याने पिशवी उचलली.

पिशवीखालची जमीन उघडी होती. तेवढाच एक चौकोन, पांढरा पडलेला, भेगाळलेला. भेगांतून मुंग्या ये-जा करत होत्या. चहूकडून चैत्रापासूनच्या सारवणाचे थर चढले होते, आणि चौकोनाला भाकरीच्या काठासारखी कड आली होती. माई रोज त्या पिशवीला वळसा घालून सारवत होत्या.

“एकदा सांगायचं तरी… मी उचलली असती.”

“उचलून कुटं ठिवली असतीस?”

उन्मेषने खोलीभर नजर फिरवली. त्याने पिशवी बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली आणि रिकाम्या हातांनी परत आला.

माईंनी बादली पायाने त्याच्याकडे सरकवली. पोतेरं त्याच्या हातात दिलं.

“आज खोली तू सारव.”

“मला येत नाही.”

“मला तरी कुटं तुजं बटाण दाबाया येत हुतं?”

माई बाहेर जाऊन ओट्यावर बसल्या आणि शेंगा फोडू लागल्या.

उन्मेष गुडघ्यांवर बसला. उघडा चौकोन दारापाशी होता, म्हणून त्याने दारापासूनच सुरुवात केली. आधी मुंग्यांना बाजूला जाऊ दिलं. भेगा बुजवल्या. मग पोतेरं फिरवलं. पहिले फराटे वेडेवाकडे आले. एका ठिकाणी शेण ढीगभर, एका ठिकाणी नुसतं पाणी. हळूहळू हात बसला. अर्धगोल मागे अर्धगोल उमटू लागले, आणि तो सरकत राहिला. शेणाचा ओला वास नाकात भरला. कितीतरी दिवसांत त्याच्या डोक्यात एवढी शांतता नव्हती.

पाठ भिंतीला टेकली तेव्हा तो थांबला.

समोर सगळी खोली ओली, हिरवट, चकचकीत. पलीकडे दार. दाराबाहेर ओट्यावर पिशवी. अलीकडे तो, आणि बाजूला चौरंगावर संगणक. पाय ठेवायला कोरडी जागा म्हणून उरली नव्हती.

त्या मुलखातली परकरातली पोरसुद्धा सारवायला आतल्या भिंतीपासून लागते आणि मागे सरकत दारातून बाहेर पडते. बरेच संगणक कोळून प्यायलेल्या उन्मेषला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यात श्रावणातली ढगाळ हवा. वाळायला चांगलाच वेळ लागणार होता.

त्याने संगणकाकडे मान वळवली.

पडद्यावर ते दोन प्रश्न अजून होतेच. त्याने एक बोट सदऱ्याला पुसलं. कुठे? याच संगणकावर. कुणासाठी? सर्वांसाठी. निळी पट्टी सावकाश भरत गेली. मग ‘झाले’ असं आलं.

त्याने डिस्क ओढून काढली. सवयीने हात खिशाकडे गेला, पण हात शेणाने बरबटलेला. त्याने डिस्क संगणकाच्या मागे, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून दिली.

आणि बटण दाबलं.

एकतारी वाजली. थोरल्या महाराजांचा आवाज खोलीत भरला. ओट्यावर शेंगा फोडायचा आवाज थांबला. भजन संपलं, एकतारी खाली ठेवली गेली…

“गिरजे… बस.”

माई दारात येऊन उभ्या राहिल्या. डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. उन्मेषचेही भरले. आता त्याची गरज उरली नव्हती. हे त्याला कळलं, आणि ते दुखलं.

“माई… चुकलो मी.” त्याने ओल्या जमिनीकडे हात केला. “दारापासून सारवत आलो. आता बाहेर कसा येऊ?”

माईंनी त्याचे फराटे पाहिले. दारापाशी तो चौकोन आता कुठे होता ते ओळखू येत नव्हतं. मग वाकून त्यांनी ओट्यावरची त्याची पिशवी उचलली, छातीशी धरली, आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या.

“बस,” त्या म्हणाल्या. “वाळू दे.”