पाठीवरची कुंडली

चिपळूणच्या बाजारात रणदिवेशेठ जुना लॅपटॉप घेऊन नवा देत, पण जुन्याचा भाव स्वतःच ठरवत. मंदाताई लेकीला, गार्गीला, घेऊन तिथे गेल्या. सोमवारी गार्गीचं कॉलेज सुरू होणार होतं. जुन्याचे बरे पैसे आले, तरच नवा परवडणार होता.

घरचे फोटो परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून गार्गीने लॅपटॉप आधीच पार पुसून टाकला होता. शेठनी तो चालू केला, तर नुसता काळा पडदा.

"ताई, मेमरी किती, प्रोसेसर कोणता, हे आता ब्रह्मदेवही सांगणार नाही. सगळ्यात हलका धरतो."

गार्गीचा चेहरा उतरला. मंदाताईंनी मात्र नव्या लॅपटॉपचं सीलबंद खोकं पुढे ओढलं.

"शेठ, न उघडता यात काय आहे ते कसं कळायचं हो?"

शेठ हसले. "अहो, खोक्यावर नंबर आहे ना! हाच नंबर लॅपटॉपच्या पाठीवर असतो. कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, की अख्खी कुंडली बाहेर!" त्यांनी तो ऐटीत टाकूनही दाखवला.

मंदाताईंनी आपला लॅपटॉप हळूच उलटा केला. "मग याचीही काढा. पोरीने आतलं पुसलंय, पाठ नाही पुसली."

दुकानात हशा पिकला. शेठनी नंबर टाकला. लॅपटॉप चांगला दणकट निघाला, आणि भावही तसाच द्यावा लागला.

नवं खोकं छातीशी धरून गार्गी बाहेर पडली. मागच्या गिऱ्हाइकाने आपला लॅपटॉप उलटाच काउंटरवर ठेवला.