दहा चिंचोक्यांची कवडी

फार मागे, माणसांनी अजून मांजर पाळलं नव्हतं तेव्हा, माळावरच्या उंदरांनी मिळून ज्वारीची एक कणगी भरली. दर सुगीला जो जितक्या मुठी ज्वारी घाली, तितके चिंचोके त्याला मिळत. चिंचोका परत दिला की मूठभर ज्वारी हातात पडे.

पण कणगीला कीड लागली. कान लावला की आतून कुरकुर ऐकू येई. चिंचोक्याला जेमतेम एक दाणा मिळू लागला, तसे उंदीर कणगीभोवती जमले.

तेव्हा कणगीची राखणदार घूस कणगीवर चढून म्हणाली, "घाबरता कशाला? दहा चिंचोके द्या, एक कवडी घ्या. कवडीला दहा दाणे!"

"एकाला दहा!" म्हणत उंदीर नाचू लागले.

चिंधी उंदरीण मात्र आपले चिंचोके घेऊन घुशीपुढे आली. पिलांसाठी सात सुग्या राबून तिने सातच चिंचोके जमवले होते.

"सातांची कवडी होत नाही," घूस म्हणाली. "सात दाणे घे आणि नीघ."

चिंधीने दाणे उचलले. "घूसबाई, कवडी बघून कीड खायची थांबते का हो?"

उंदरांचा नाच थांबला, आणि आतली कुरकुर सगळ्यांना ऐकू आली.

महिनाभरात कवडीला सहा दाणे मिळू लागले, मग एकच. घूस पुन्हा कणगीवर चढली. "दहा कवड्या द्या, एक शंख घ्या!"

या खेपेला कुणी नाचलं नाही. जो तो आपल्या कवड्या पुन्हा पुन्हा मोजत होता, आणि नऊच्या पुढे कुणाचीच मोजणी जात नव्हती.