झेंडूला भरवलेला घास

"हा घास कोणाला भरवतेय रे तुझी आई?"

अरविंदला वाटलं, बुवांना नीट दिसत नसेल. त्याने टॅबलेटवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला.

नेमकं तेच करायला नको होतं.

आईच्या पंचाहत्तरीसाठी त्याने घरातल्या जुन्या फोटोंची पानं सजवली होती. कडेला पैठणीचे काठ, कोपऱ्यात समया, खाली वळणदार अक्षरांत ओळी. सगळ्या गोतावळ्याने वाहवा केली, तरी पोट भरलं नव्हतं. म्हणून शाबासकीसाठी स्वारी नदीकाठच्या मठात, आपल्या गुरूंकडे आली होती.

हे पान मुंजीतल्या मातृभोजनाचं होतं. आई पाटावर बसलेली, एका बाजूला गोटा केलेला छोटा अरविंद. आईचा हात मात्र दुसऱ्या बाजूला, बोटांत घास. आणि घासापुढे झेंडूच्या फुलांचा भला मोठा गुच्छ.

मुंज दोघा भावांची, एकाच मांडवात झाली होती. बुवा स्वतः पंगतीला होते.

"सुहास कुठे आहे?"

अरविंदने सांगितलं, बाबा गेले तेव्हा तो आला नाही. त्या दिवसापासून तो आमच्यात नाही, म्हणून एकाही पानावर ठेवला नाही.

"पण काढलाय किती सफाईने बघा. कळतसुद्धा नाही."

बुवा उठले.

विहिरीवर जाऊन पोहरा ओढला आणि अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतला. मग दुसरा. मरणाची बातमी आली की करतात, तशी ती आंघोळ होती.

अरविंद धावत मागे गेला. "बुवा, कोण गेलं?"

"सुहास गेला. आणि मला साधा निरोप धाडला नाहीस?"

अरविंद विहिरीच्या कठड्यावर मटकन बसला. मठात गावोगावची माणसं येतात, बातमी आपल्याआधी इथे पोचली असणार. इतकी वर्षं जपलेला राग कुठल्या कुठे पळाला, नुसती भीती उरली.

भावाचा नंबर त्याने फोनमधून केव्हाच पुसला होता. बोटांना मात्र पाठ होता.

घंटी वाजत राहिली...

"दादा?"

सुहासचाच आवाज. धडधाकट.

पलीकडचा आवाज कापरा झाला. भरदुपारच्या शांततेत तो बुवांनाही ऐकू येत होता.

"दादा, तू फोन केलास म्हणजे... कोण गेलं?"

अरविंदने मान वर करून पाहिलं. बुवांच्या धोतरातून पाणी निथळत होतं.

"सांग त्याला," बुवा म्हणाले.